घोडं कुठे पेंड खातं?

अमेरिकेतल्या माणसाला एकटं वाटलं की तो काय करतो? पूर्वी कुत्रा पाळायचा. मग मांजर. आता घोडा पाळतो.

दचकू नका. घोडा कमरेएवढाच असतो.

नाव मिनिएचर हॉर्स, लाडाने मिनी. उंची जास्तीत जास्त ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर. ग्रेट डेन जातीचा उंचापुरा कुत्रा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहील. फरक एवढाच, की तो कुत्रा आठ-दहा वर्षांत रडवून जातो आणि हा घोडा पंचवीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतो. अमेरिकेत गृहकर्जही तीस वर्षांचंच असतं. दोन्ही एकदम घेतली तर सुटकाही एकदमच.

हे ३४ इंच मोजतात कुठून? मोठ्या घोड्याची उंची खांद्यावरच्या उंचवट्यापाशी मोजतात. मिनीची मात्र आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथे. १९७८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनचा हा नियम. केसाने गळा कापतात हे माहीत होतं. केसाने उंची कापतात, हे नवीन.

आणि भरला इंचभर जास्त, तर? घाबरायचं कारण नाही. नोंदणी करणारी दुसरीही संस्था आहे. तिच्याकडे ३४ इंचांपर्यंतचे 'अ' वर्गात आणि त्यावरचे, ३८ इंचांपर्यंतचे, 'ब' वर्गात.

तुकडी 'ब'! घोड्यांनाही चुकली नाही.

आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत बरोबर उलटं. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे घोडा जितका उंच तितकी गर्दी मोठी आणि भाव चढा. तिथे ३४ इंचांचा घोडा उभा केलात तर लोक विचारतील, "याची आई कुठंय?"

हे प्राणी आले कुठून? देवाने घडवले असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. माणसाने घडवले. अर्जेंटिनात एका कुटुंबाने एकोणिसाव्या शतकापासून ठेंगणे घोडे आणि ठेंगण्या घोड्या निवडून पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या जोड्या जमवल्या. कुटुंबाचं आडनाव फालाबेला, म्हणून जातीचं नावही फालाबेला. बाळंतपणं घोडीची, आडनाव मालकाचं. ही रीत तरी ओळखीची वाटते ना?

अमेरिकन मिनीच्या अंगात शेटलंड पोनीचं रक्त भरपूर. या शेटलंडांची कथा ऐका. ब्रिटनमध्ये १८४२ साली कायदा झाला, की बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत कामाला उतरवायचं नाही. फार दयाळू कायदा. पण कोळशाच्या गाड्या ओढायच्या कुणी? बोगद्यांची उंची तर मुलांच्याच मापाची.

मुलं वर आली. बुटके घोडे खाली गेले.

त्याच घोड्यांचे भाऊबंद आता सोफ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. बढतीच म्हणायची.

जगातली सर्वांत छोटी घोडी म्हणून २००६ साली गिनेस बुकात थंबलिनाचं नाव लागलं. जन्म २००१चा, राज्य मिसूरी, उंची साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर, वजन २६ किलो. आपल्याकडे तांदळाचं मोठं पोतं याहून जड असतं. २०१८ मध्ये ती गेली. ती मिनींमधलीही खुजी होती. जन्मजात दोष होता. आणि असोसिएशनच्या नियमांत असा खुजेपणा दिसला की घोडा बाद. म्हणजे जगज्जेतीच अपात्र.

लहान व्हा, पण आम्ही सांगू तेवढंच.

आता टिंगल जरा बाजूला. या घोड्यांपैकी काही खरोखर कामाचे निघाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका दांपत्याने १९९९च्या सुमारास अंध माणसांना वाट दाखवायला मिनी घोडे शिकवायला घेतले. कडल्स नावाची घोडी २००१ मध्ये मेन राज्यातल्या एका अंध गृहस्थाकडे रुजूही झाली. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता जवळजवळ चहूकडचं दिसतं. ज्यांना कुत्र्याची ॲलर्जी आहे, ज्यांच्या धर्मात कुत्रा घरात चालत नाही, किंवा दर आठ-दहा वर्षांनी एक कुत्रा पुरणं ज्यांना सोसत नाही, त्यांना घोडा सोयीचा. गुळगुळीत फरशीवर पाय सरकू नयेत म्हणून त्याच्या खुरांत छोटे छोटे कॅनव्हासचे बूट. चार पायांत चार.

इथे आमची लेखणी गप्प बसते. पण फार वेळ बसवत नाही.

कारण पुढे कायदा आला. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांच्या नियमांनुसार 'सेवा देणारा प्राणी' म्हणजे कुत्रा, दुसरं काही नाही. पण २०१० साली सुधारलेल्या नियमांत घोड्यासाठी वेगळं कलम घातलं. मिनी म्हणजे साधारण २४ ते ३४ इंच उंच, ७० ते १०० पौंड वजनाचा. दुकानात त्याला घ्यायचं की नाही, हे ठरवताना चार गोष्टी बघायच्या. घोडा घाण करत नाही ना? मालकाच्या ताब्यात आहे ना? त्याचा आकार आणि वजन जागेला झेपतंय ना? त्याच्यामुळे कुणाच्या जिवाला धोका नाही ना?

या चार अटी आपल्याकडे लग्नाच्या हॉलच्या दारात माणसांना लावून बघा. आत नवरा, नवरी आणि भटजी.

नवऱ्याचीही खात्री नाही.

पण त्या कलमात एक खोच होती. काम शिकलेला घोडा चालतो. नुसता जवळ असला की बरं वाटतं, असला घोडा त्यात बसत नाही. अमेरिकन माणूस असल्या खोचेला भीक घालतो होय? विमान कंपन्यांचे नियम निराळे होते, त्यात 'भावनिक आधार' ही खिडकी उघडी होती. त्या खिडकीतून बदकं आली, डुकरं आली. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या. मोराला बसू दिलं नाही. बाईंच्या भावना दुखावल्या. मोराच्या कुणी विचारल्या नाहीत.

घोडे मात्र उडाले. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या परिवहन खात्याने कुत्रा, मांजर आणि मिनी घोडा या तिघांना प्राधान्य द्या असं कळवलं. मग पायांपाशी घोडा उभा करून माणसं प्रवास करू लागली. इकॉनॉमी वर्गात. जिथे आपले गुडघे मावत नाहीत तिथे.

डिसेंबर २०२० मध्ये खात्याने नवा नियम काढला. सेवा देणारा प्राणी म्हणून फक्त शिकवलेला कुत्रा. बाकी कुणाला घ्यायची सक्ती नाही. घोडा पुन्हा जमिनीवर.

जमिनीवर त्याचं बरं चाललंय. सिनसिनाटीच्या विमानतळावर प्रवाशांना दिलासा द्यायला मिनी घोडे येतात. (हा विमानतळ सिनसिनाटीत नाही, ओहायोतही नाही, नदीपलीकडे केंटकीत आहे. पण नावात काय आहे, पाट्या लिहून झाल्यात.) दोरी धरून माणूस शेजारी, घोडा रांगेशेजारी. लोक मोबाइल बाजूला ठेवून त्याच्या कपाळावर हात फिरवतात. माणसाला मोबाइल खाली ठेवायला लावणारा प्राणी! एवढ्यावर खरं तर त्याला नोबेल द्यायला हवं.

असला एक घोडा मी हाताच्या अंतरावरून पाहिला आहे.

मागच्या ऑक्टोबरात ओहायोत भाच्याकडे गेलो होतो. गावाबाहेरचं घर. शेजारी एक निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, एकट्या. त्यांच्या अंगणात कुंपणापलीकडे तपकिरी-पांढरा एक गोल गरगरीत प्राणी. पोट पिंपासारखं, पाय पाटाच्या पायांसारखे. आयाळ मात्र अशी दाट, की डोळे शोधावे लागतात. नाव बिस्किट.

बिस्किट खायला त्याला सक्त मनाई होती.

एवढंच नव्हे, त्याच्या तोंडाला मुसकं बांधलेलं! शेतात कोळपणी-मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात तसलंच. फक्त हे काळ्या रबराचं, बुडाला रुपयाएवढं एक भोक. त्या भोकातून गवताचं जेवढं टोक आत येईल तेवढंच खायचं. मी भाच्याला म्हटलं, "अरे, बैलाला मुसकं बांधतात ते मालकाचं धान्य खाऊ नये म्हणून. याला कशाला?"

"मामा, यानं स्वतःचं गवत खाऊ नये म्हणून."

बिस्किट तोंड खाली घालून भोक गवतावर नेमकं बसवत होतं. एक टोक मिळालं की मान वर, डोळे मिटून चघळणं, पुन्हा नेम. कॅरमची सोंगटी लावावी तसं. अर्ध्या तासात त्याने जेमतेम मूठभर गवत कमावलं असेल. बाई दुसऱ्या बाजूला उभ्या राहून प्रेमाने बघत होत्या. "तो डाएटवर आहे," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांच्या हातात डोनट होता.

गंमत नाही हं. मिनी घोड्याला चरबी फार लवकर चढते. हिरव्या गवतातली साखर जास्त झाली की खुरांच्या आतला भाग सुजतो आणि मग उभं राहणंही मुश्कील. बरं, जाड झाला म्हणून उपाशी ठेवावं? तर त्याहून वाईट. उपाशी मिनीच्या अंगातली चरबी रक्तात उतरते आणि जिवावर बेतते. खाल्लं तरी मरण, नाही खाल्लं तरी मरण.

आणि घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलं ते पुढेच सरकणार. सरकारी फायलीच्या बरोबर उलटं.

घोडं इथेच तर पेंड खातं. माणसाने घोड्याची उंची कमी केली. आतला घोडा कुठे कमी झाला? आतडी घोड्याचीच, दिवसभर थोडं थोडं चरत राहायची खोड घोड्याचीच, बिथरला की पळत सुटायची अक्कलही घोड्याचीच. दात तर बहुतेक पुऱ्या मापाचे, जबडा मात्र छोटा. वन रूम किचनमध्ये एकत्र कुटुंब राहावं तसे एकमेकांच्या अंगावर चढलेले. त्यामुळे दंतवैद्य. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर छाटायला नालबंद. मोठ्या घोड्यापुढे नालबंद वाकतो, इथे तो गुडघे टेकतो. म्हणजे साष्टांगाच्या एकच पायरी अलीकडे. एवढं करून नाल बसवायची नसतेच.

फी मिनी नसते.

लीदही गोळा करावी लागते. कुत्र्याची पिशवी पुरत नाही, फावडं लागतं. बाईंनी ते दाराशीच ठेवलं होतं, छत्री ठेवावी तसं. घोड्याला घरात हे करू नकोस असं शिकवता येतं म्हणतात. येत असेल. आम्हाला अजून पिचकारी मारणाऱ्यांना जिन्यात शिकवता आलेलं नाही.

बिस्किटच्या शेजारी एक बकरीही होती. मी विचारलं, "ही कशाला?"

कळपाचा प्राणी तो. एकटा ठेवला तर झुरतो, लाकूड कुरतडतो, कुंपणाशी येरझाऱ्या घालतो. म्हणून सोबतीला बकरी. आता हिशेब मांडा. बाई एकट्या, म्हणून घोडा. घोडा एकटा, म्हणून बकरी. बकरीला बोअर झालं की काय आणायचं?

"हात लावा मामा, चावत नाही," भाचा म्हणाला. मी हात पुढे केला. मुसकं नुकतंच काढलं होतं. माझ्या जॅकेटचं बटण आजतागायत सापडलेलं नाही.

पुढेच जाणार.

बाईंनी मृत्युपत्रात बिस्किटची सोय केली आहे. तो एकोणीस वर्षांचा. अजून दहा-बारा वर्षं सहज काढेल. पैसे बाजूला ठेवलेत, पुतणीचं नाव घातलंय. पुतणीला विचारलंय का? बाई हसल्या आणि बकरीकडे बघू लागल्या.

गावच्या नियमांतही एक मौज. बाईंच्या लेखी बिस्किट घरचा माणूस. पण तिकडच्या बहुतेक गावांच्या नियमांत घोडा म्हणजे गुरं. उंची किती, पायात बूट आहेत का, कुणी विचारत नाही. घरात मेंबर आणि नगरपालिकेत जनावर. आपल्याकडे हे फक्त जावयांच्या बाबतीत होतं.

आपल्या लहानपणी घरोघरी एक कोडं घालायचे. भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? तिन्हींना उत्तर एकच. न फिरवल्यामुळे. ओहायोतल्या पशुवैद्याने बाईंना हेच सांगितलं. रोज फिरवा. त्याने त्याचे दोनशे डॉलर घेतले. आपल्या आजीने फुकट सांगितलं म्हणून आपण ते कोड्यातच ठेवलं.

आता बाई रोज सकाळी दोरी धरून बिस्किटला मैलभर फिरवतात. डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांसाठीही चालणं सांगितलं होतंच, ते त्यांनी सहा वर्षं मनावर घेतलं नव्हतं. कोण कुणाला फिरवतंय, हे लांबून कळत नाही. या एका गोष्टीला मात्र मी टाचणी लावणार नाही.

आपण हसतोय खरे, पण आपल्याकडे काय चाललंय? संक्रांतीला पंतप्रधानांच्या निवासस्थानी आंध्रातल्या पुंगनूर गायी दिसल्या, जेमतेम अडीच-तीन फुटांच्या, आणि गोठा कधी न पाहिलेल्यांना अचानक गाय हवीशी झाली. फ्लॅटमध्ये. आठव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मावते म्हणून.

लिफ्टमध्ये मावतं ते सगळं घरात आणायचं असतं का?

छोट्या घोड्याचं म्हणाल तर आपलाही आहे की. भीमथडीचं तट्टू. एकेकाळी मराठ्यांची फौज याच्या पाठीवर मुलुख मारून आली. राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे, आपण उभं राहून तो ऐकतो आणि पुन्हा खाली बसतो. ते तट्टू आज कुठे आहे? धनगराच्या वाड्याबरोबर, हायवेच्या कडेने. पाठीवर पाल, भांडी, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि त्या सगळ्यावर कालच जन्मलेलं कोकरू. पावसाळा संपला की देशावरून कोकणाकडे, पाऊस आला की परत. ते कधी अडत नाही, कारण त्याला कुणी बसूच देत नाही. त्याच्या तोंडाला मुसकं नाही, पायात कॅनव्हासचे बूट नाहीत, सोबतीला अख्खा कळप. कंटाळायला फुरसत कुठे आहे?

आपण गाडीतून हॉर्न मारतो. त्याने बाजूला व्हावं म्हणून.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, पोरगी मागे लागलीये. मिनी घोडा पाहिजे."

"एक की दोन?"

"एकच. दोन कशाला?"

"मग बकरीचं बजेट धर. ठेवणार कुठे?"

"गॅरेज आहे की. खाली रबराचे मॅट टाकतो, हीटर बसवून घेतो. गाडी राहील बाहेर. इथे जानेवारीत केवढी थंडी पडते माहितीये ना? बिचाऱ्याला सोसायची नाही."

"बिस्किट काय करतं रे जानेवारीत?"

"बिस्किट? ते बाहेरच असतं. बर्फात. त्याला काय, अंगावर हे एवढे केस येतात. शेडचं दार सताड उघडं असतं, पण पठ्ठ्या आत म्हणून जात नाही. बाईच जाऊन बसतात शेडमध्ये, शाल घेऊन, त्याच्याकडे बघत."

थोडा वेळ फोनवर कुणीच बोललं नाही.

"मग तो हीटर?" मी विचारलं.

"बसवतो तरी," भाचा म्हणाला. "सकाळी गाडी लवकर सुरू होईल."